पाताळाच्या दारातला मकरध्वज : एआयसोबत बहुपात्री प्रसंग कसा रचावा

इंदूरहून उज्जैनला महाकालाच्या दर्शनासाठी निघालेल्या गोमंतकीय यात्रेकरूला वाटेत, इंदूरपासून साधारण तीस किलोमीटरवर, सांवेर हे तालुक्याचे गाव लागते. येथील मारुतीचे देऊळ ‘उलटे हनुमान’ या नावाने ओळखले जाते. शेंदूरचर्चित मुख, आणि तेही खाली डोके अशा स्थितीत. अहिरावणाने राम-लक्ष्मणांना पळवून पाताळात नेले तेव्हा मारुती याच जागेवरून, डोके खाली करून, पाताळात उतरला अशी तेथील श्रद्धा आहे. वाल्मीकिरामायणात ही कथा नाही. मराठी वाचकाला ती परिचयाची झाली ती प्रामुख्याने श्रीधरस्वामींच्या ‘रामविजय’ या १७०३ साली पूर्ण झालेल्या ग्रंथामुळे. पुढे प्रभात फिल्म कंपनीने १९३५ साली याच कथेवर ‘चंद्रसेना’ हा बोलपट काढला.

सांवेरची ही कथा येथे घेण्याचे कारण वेगळे आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चॅटबॉटसोबत भूमिकाखेळ, म्हणजे रोलप्ले, खेळण्याची आवड आपल्याकडील तरुणांत वाढते आहे. चॅटबॉटला एखादे पात्र करायला सांगायचे, आपण दुसरे पात्र व्हायचे आणि संवाद पुढे न्यायचा, असा हा खेळ. समोर एकच पात्र असेल तर तो बऱ्यापैकी जमतो. पात्रे तीन-चार झाली, त्यांना एक ठराविक स्थळ दिले आणि त्यांच्यात काही गुपिते ठेवली की मात्र खेळ हमखास विस्कटतो. तो का विस्कटतो आणि कसा सावरावा, हे समजून घ्यायला पाताळाच्या महाद्वारावरचा प्रसंग फार सोयीचा आहे. त्यातल्या प्रत्येक पात्राला काहीतरी ठाऊक आहे आणि काहीतरी ठाऊक नाही.

पूर्वपीठिका थोडक्यात पाहू. यंत्राशी भूमिका घेऊन बोलण्याचा पहिला गाजलेला प्रयोग म्हणजे अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जोसेफ वायझेनबाउम यांनी केलेला ‘एलायझा’ हा कार्यक्रम. त्याची माहिती १९६६ साली प्रसिद्ध झाली. मानसोपचारकाचा आव आणून समोरच्याचेच वाक्य प्रश्नार्थी करून परतवणे, एवढेच त्याचे भांडवल होते. माणसामाणसांत खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळाला १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाने नियमांची चौकट दिली. त्यात एक जण सूत्रचालक असतो. तो स्थळ वर्णितो, दुय्यम पात्रे वठवतो आणि खेळाडूंच्या कृतीचे फळ सांगतो. २०१९ साली आलेल्या ‘एआय डंजन’ने हे सूत्रचालकाचे काम भाषा-प्रारूपाकडे सोपवले. आजचे सर्व चॅटबॉट त्याच वाटेवरचे आहेत.

गोव्याच्या वाचकाला मात्र या प्रकारासाठी अमेरिकेकडे पाहण्याची फारशी गरज नाही. पेडणे-डिचोलीच्या जत्रांत रात्र जागवणारा दशावतार याच तत्त्वावर उभा आहे. आडदशावतारात गणपती, सरस्वती, संकासुर येऊन गेले की मुख्य आख्यान सुरू होते, आणि त्या आख्यानाला लिखित संहिता नसते. नाटक सुरू होण्याआधी रंगपटात कथानकाचा सांगाडा ठरतो. कोण कोणाच्या दरबारात येणार, युद्ध कधी, शाप कोणाचा, एवढे नक्की होते आणि संवाद नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचतात. नेपथ्य म्हणजे एक बाकडे. ते राजाचे सिंहासनही होते आणि वनातली शिळाही. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हाही पदे सूत्रधार म्हणत असे आणि पात्रे भाषणे उत्स्फूर्तपणे करीत. चॅटबॉटला जी सूचना लिहून द्यायची ती रंगपटातल्या या ठरावासारखीच असते. संवाद लिहून द्यायचे नसतात, सांगाडा द्यायचा असतो.

फरक एवढाच, आणि तो मोठा आहे. दशावतारात सहा नट असतील तर सहा डोकी असतात. चॅटबॉटमध्ये सगळ्या पात्रांमागे एकच डोके असते.

सांगाडा कसा लिहावा

पाताळद्वाराच्या प्रसंगासाठी पुढीलप्रमाणे मजकूर पुरेसा होतो. तो संभाषणाच्या आरंभी एकदाच, सलग द्यावा.

‘स्थळ : पाताळनगरीचे महाद्वार. वेळ उत्तररात्रीची. आत देवीच्या मंदिरात बळीची तयारी चालू असून वाद्यांचा आवाज द्वारापर्यंत येतो. उजाडण्यापूर्वी बळी दिला जाणार आहे.

मकरध्वज : द्वारपाल. ही भूमिका मी करीन. माझ्या वतीने एकही वाक्य किंवा कृती लिहू नये.

मारुती : राम-लक्ष्मणांच्या शोधात आला आहे. वेळ अपुरा आहे हे जाणतो. मोजके, ठाम बोलतो. आपल्याला पुत्र आहे हे त्याला ठाऊक नाही.

चंद्रसेना : अहिरावणाच्या महालातील स्त्री. अहिरावणाचा मृत्यू कशात आहे हे तिला माहीत आहे. रामाच्या प्राप्तीची तिची इच्छा आहे आणि त्या अटीशिवाय ती गुपित सांगणार नाही. आडवळणाने बोलते.

अहिरावण : मंदिरात आहे. द्वारावर काय चालले आहे हे त्याला दूत सांगेल तेव्हाच कळेल. आज्ञा दोनदा देत नाही.

नियम : प्रत्येक संवादाआधी पात्राचे नाव लिहावे. एका वेळी जास्तीत जास्त दोन पात्रांनी बोलावे आणि नंतर माझ्या उत्तराची वाट पाहावी. मी ‘पडदा’ असे लिहिले की खेळ थांबवून साध्या भाषेत बोलावे.’

यातील एकेका ओळीमागे कारण आहे. स्थळाच्या वर्णनात रंगरूपापेक्षा मुदत महत्त्वाची. ‘उजाडण्यापूर्वी’ हा शब्द नसेल तर पात्रे द्वारावर उभी राहून तासभर सौजन्याच्या गप्पा मारतात. वाद्यांचा आवाज द्वारापर्यंत येतो, असे एकदा सांगितले की चॅटबॉट तो आवाज पुढे अधूनमधून स्वतःहून आणतो आणि तणाव टिकतो. पात्राचे वर्णन करताना स्वभावविशेषणांची रास घालण्याचा मोह टाळावा. ‘शूर, दयाळू, बुद्धिमान’ असे सांगितलेली चारही पात्रे एकाच आवाजात बोलू लागतात. बोलण्याची लकब, पात्राला काय हवे आहे आणि त्याला काय ठाऊक नाही, या तीन गोष्टी पुरतात. तिसरीचा उल्लेख बहुतेक जण करीत नाहीत.

चॅटबॉट अनेकदा वापरणाऱ्याच्या पात्राच्या तोंडीही वाक्ये घालतो. आपण ‘कोण आहे?’ एवढेच विचारावे, आणि समोरून मारुतीचे उत्तर, त्यावर मकरध्वजाचा संताप, गदायुद्ध आणि पितापुत्रांची भेट असे सगळे एका दमात येऊन पडावे, असे घडते. त्यामुळे ‘माझ्या वतीने लिहू नये’ हा नियम स्पष्टपणे लिहावा लागतो; आणि दहा-बारा संवादांनंतर त्याची आठवणही करून द्यावी लागते.

गुपित राखण्याची अडचण

आता मुख्य अडचणीकडे येऊ. या प्रसंगाचे नाट्य दुहेरी अज्ञानात आहे. मकरध्वजाला पित्याचे नाव माहीत आहे, पण त्याने त्याला पाहिलेले नाही. मारुतीला तर आपल्याला पुत्र आहे याचीच कल्पना नाही, कारण प्रचलित कथेनुसार त्याच्या घामाचा थेंब मगरीने गिळला आणि त्यातून मकरध्वज जन्मला. स्वामिनिष्ठेने दार अडवणारा मुलगा आणि स्वामिनिष्ठेनेच ते फोडू पाहणारा बाप समोरासमोर येतात. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत.

प्रस्तुत लेखकाने हा प्रसंग एका चॅटबॉटला वरच्यासारखाच मजकूर देऊन चालवून पाहिला. मारुतीला पुत्राची माहिती नाही, असे स्पष्ट लिहिले होते. तिसऱ्याच संवादात मारुती म्हणाला, ‘बाळा, तुझ्या डोळ्यांत मला माझीच ओळख दिसते.’ चौथ्यात चंद्रसेनेने न विचारताच गुपित सांगून टाकले. अहिरावणाला पश्चात्ताप व्हायचे तेवढे बाकी होते.

असे होण्याचे कारण यंत्राच्या रचनेत आहे. भाषा-प्रारूप समोरचा सगळा मजकूर एकत्र वाचून पुढचा शब्द ठरवते. मारुतीचे वाक्य लिहितानाही त्याच्यापुढे चंद्रसेनेचे गुपित, मकरध्वजाचे जन्मरहस्य आणि अहिरावणाचा बेत हे सारे उघडे असते. ‘याला हे ठाऊक नाही’ ही सूचना म्हणजे ज्याने उत्तरपत्रिका पाहिली आहे त्याला ‘न पाहिल्यासारखे कर’ म्हणून सांगणे होय. त्यात भर म्हणून ही प्रारूपे माणसांना आवडतील अशी उत्तरे देण्यासाठी घडवलेली असल्याने त्यांचा कल मिटवामिटवीकडे असतो. भांडण लांबवणारे, गुपित दाबून धरणारे, सरळ नकार देणारे पात्र त्यांना अवघड जाते.

यावर उपाय दोन. पहिला सोपा आहे : जे गुपित पुढच्या प्रवेशात लागणार आहे ते आरंभीच्या मजकुरात लिहूच नये. मारुतीच्या ओळीतून पुत्राचा उल्लेखच काढून टाकावा, द्वारपालाचे नाव मकरध्वज न ठेवता नुसते ‘द्वारपाल’ ठेवावे, आणि ओळखीचा क्षण आला की आपणच आपल्या पात्राच्या तोंडून ते उघड करावे. प्रसिद्ध पौराणिक नावे असतील तर कथा यंत्राला आधीच ठाऊक असते, म्हणून पात्रांची नावे बदलूनही पाहावीत. चंद्रसेनेला मृत्यूचे गुपित ‘माहीत आहे’ एवढेच सांगावे. ते काय आहे हे तिच्यावर वेळ येईपर्यंत लिहू नये. यंत्रापुढे जे नाही ते फुटत नाही.

दुसरा उपाय कष्टाचा, पण फळ देणारा. प्रत्येक पात्रासाठी स्वतंत्र संभाषण उघडावे. एका खिडकीत केवळ मारुती, दुसरीत केवळ चंद्रसेना, तिसरीत केवळ अहिरावण. ज्याने जे ऐकले असेल तेवढेच त्याच्या खिडकीत चिकटवावे. आपण मधले सूत्रधार. वेळ लागतो, बोटे दुखतात; पण अहिरावण खरोखर अंधारात राहतो आणि त्याचा उद्दामपणा खरा वाटतो.

ही कल्पना मोठ्या प्रमाणावर वापरून पाहिली गेली आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि गूगल येथील संशोधकांनी २०२३ साली पंचवीस एआय पात्रांचे ‘स्मॉलव्हिल’ नावाचे एक काल्पनिक गाव उभारले. प्रत्येक पात्राला स्वतःची वेगळी स्मृती दिली; त्याने जे पाहिले वा ऐकले तेवढेच तिच्यात नोंदले जाई. एका पात्राच्या मनात, आपण १४ फेब्रुवारीला उपाहारगृहात मेजवानी ठेवावी, एवढा एकच हेतू घातला. पुढचे संशोधकांनी लिहिलेले नव्हते. निमंत्रण एकाकडून दुसऱ्याकडे गेले, बारा जणांपर्यंत पोहोचले आणि प्रत्यक्षात पाच जण आले. न आलेल्यांपैकी काहींनी इतर कामे असल्याचे सांगितले, काहींनी उत्सुकता दाखवूनही त्या दिवशी जाण्याचे ठरवलेच नाही. आपल्या गावातल्या कोणत्याही समारंभाचे चित्र याहून वेगळे नसते. सगळी पात्रे सगळे जाणत असती तर पंचवीसही हजर झाली असती.

खेळ लांबला तर

संभाषण लांबत गेले की आणखी एक दोष दिसतो. यंत्राला एका वेळी ठराविक मर्यादेपर्यंतचाच मजकूर विचारात घेता येतो आणि देवनागरी मजकूर बहुतेक प्रारूपांत इंग्रजीपेक्षा अधिक जागा खातो. परिणामी मराठी खेळात आरंभीचे नियम तुलनेने लवकर पुसट होतात. चंद्रसेनेची अट विसरली जाते, मेलेला दूत परत निरोप घेऊन येतो. प्रत्येक प्रवेशाच्या शेवटी ‘पडदा’ लिहून यंत्राकडून दहा ओळींचा गोषवारा घ्यावा, तो स्वतः वाचून दुरुस्त करावा आणि पुढचा प्रवेश नव्या संभाषणात, मूळ सांगाडा आणि हा दुरुस्त गोषवारा देऊन सुरू करावा. गोषवारा न तपासता पुढे देऊ नये. यंत्राची एक चूक त्यात शिरली की पुढच्या प्रवेशात ती कथावस्तू होऊन बसते.

भाषेविषयी स्वतंत्रपणे सांगायला हवे. दशावतारातला राजा संस्कृतप्रचुर मराठी बोलतो आणि संकासुर मालवणीत त्याची फिरकी घेतो. प्रेक्षक हसतो तो या अंतरावर. चॅटबॉटला केवळ ‘मराठीत बोल’ म्हटले तर सगळ्यांच्या तोंडी एकच गुळगुळीत, अनुवादवजा मराठी येते. सांवेरच्या परिसरातली माळवी मागितली तर बव्हंशी हिंदी मिळते, मालवणी मागितली तर दोन-चार ठरीव शब्द पेरलेली प्रमाण मराठी. यावर उत्तम तोड म्हणजे नमुना. प्रत्येक पात्राची तीन-चार वाक्ये आपण स्वतः लिहून सांगाड्यात द्यावीत. विशेषणांच्या वर्णनापेक्षा यंत्र नमुन्याचे अनुकरण कितीतरी चांगले करते. आपल्या आजीची भाषा आपल्यालाच लिहावी लागेल, हे यातून ओघाने आले.

देवतांच्या भूमिकांबाबत एक संकेत पाळावा असे प्रस्तुत लेखकाला वाटते. दशावतारी नट वेशावर चढण्यापूर्वी देवाला नमस्कार करतो. यंत्र तसे काही करत नाही आणि त्याला चेष्टेची सीमाही कळत नाही. म्हणून राम-लक्ष्मण बोलती पात्रे करू नयेत, ती आतल्या मंदिरात, पडद्याआड असावीत. त्यामुळे नाट्यही कमी होत नाही. मकरध्वजाची पेचाची भूमिकाच सर्वांत रसाळ आहे.

पुराण वेगळे, इतिहास वेगळा

याच सांवेरच्या रस्त्यावरून दुसराही एक प्रसंग रचता येतो, आणि तेथे सावधगिरी दुप्पट हवी. मल्हारराव होळकर २० मे १७६६ रोजी निवर्तले. त्यांचे पुत्र खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात आधीच पडले होते. नातू मालेराव १७६७ मध्ये मरण पावला आणि होळकरांची दौलत अहिल्याबाईंच्या हाती आली. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी रघुनाथराव पेशव्यांशी संधान बांधले, राघोबादादा फौजेसह माळव्यात आले, अहिल्याबाईंनी लढाईची तयारी केली, तुकोजी होळकर क्षिप्रेकाठी सज्ज झाले, आणि अखेर आपण सांत्वनासाठी आलो आहोत असे म्हणत दादासाहेबांनी माघार घेतली, असे हे परंपरेने सांगितले जाणारे कथानक. बहुपात्री प्रसंगाला याहून चांगली सामग्री मिळणे कठीण. दिवाणाला वाटते आपले कारस्थान गुप्त आहे. बाईंना ते कळलेले आहे. दादासाहेबांना, बाईंना कळले आहे, हे उशिरा कळते.

शाळेच्या प्रकल्पासाठी मुले असे प्रसंग एआयकडून करून घेतात, आणि येथेच गफलत होते. चॅटबॉटला अहिल्याबाईंचे पत्र लिही म्हटले की तो मायन्यासकट, तिथीसकट, बाणेदार वाक्यांसकट पत्र लिहितो. ते कोणत्याही दप्तरात नसते. ते खेळातून उचलले जाऊन भाषणात, मग भित्तिपत्रकावर आणि शेवटी समाजमाध्यमांवर ‘ऐतिहासिक पत्र’ म्हणून फिरू लागते. वृत्तपत्राच्या टेबलावर अशी वाक्ये वारंवार येतात. ती कापणे हा आमच्या कामाचाच भाग झाला आहे. पुराणकथेत पाठभेद चालतो, श्रीधरस्वामींनीही तो केला. अहिल्याबाईंच्या नावाने पाठभेद म्हणजे बनावट कागद.

म्हणून ऐतिहासिक प्रसंगाच्या सांगाड्यात एक नियम वाढवावा : कोणतेही पत्र, आकडा अथवा तिथी लिहिताना त्यापुढे ‘कल्पित’ असा शब्द घालावा. जे तपशील आपण स्वतः पुस्तकातून पडताळले आहेत ते सांगाड्यात आधीच द्यावेत आणि त्याबाहेरचे नवे तपशील निर्माण करू नयेत असे बजावावे. यंत्र हा नियमही कधीतरी मोडते. प्रसंग संपल्यावर ‘पडदा’ लिहून, यातले काय मी दिलेले होते आणि काय तू रचलेस, असे विचारावे; मिळालेली यादी हाती असलेल्या पुस्तकाशी ताडून पाहावी, कारण ती यादीदेखील यंत्रानेच केलेली असते.

मुलांचा विषय निघाला म्हणून आणखी थोडे. भूमिकाखेळासाठीच निघालेल्या ‘कॅरेक्टर एआय’ या सेवेने अठरा वर्षांखालील वापरकर्त्यांसाठी मुक्त संभाषण नोव्हेंबर २०२५ मध्ये बंद केले. अल्पवयीनांच्या भावनिक गुंतवणुकीवरून अमेरिकेत पालकांनी या कंपनीविरुद्ध न्यायालयात दावे लावले होते. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक मानली आहे. एकाच पात्राशी रात्र-रात्र चालणारे खासगी संभाषण आणि चार पात्रांचा, मुदत असलेला, ‘पडदा’ पडणारा प्रसंग या दोहोंत फरक आहे. दुसऱ्यात मूल प्रेमात किंवा दुःखात एकटे अडकण्याची शक्यता कमी, कारण त्याला सतत सूत्रधाराचे कामही करावे लागते. तरीही खऱ्या मित्रमैत्रिणींची, शिक्षकांची वा घरच्यांची नावे पात्रांना देऊ नयेत, शाळेचे नाव व पत्ता लिहू नये, आणि घरातल्या मोठ्यांपैकी कोणीतरी एक भूमिका घ्यावी. पाताळद्वाराच्या प्रसंगात मुलाने मकरध्वज व्हावे, वडिलांनी मारुतीची वाक्ये स्वतः बोलावीत आणि यंत्राकडे अहिरावण व वाद्यांचा आवाज एवढेच ठेवावे.